कार्मेलचा महापौर: २,१६६ मतं आली कुठून?

८ एप्रिल १९८६ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या कार्मेल-बाय-द-सी या गावात महापौरपदाची निवडणूक झाली. क्लिंट ईस्टवुड यांना २,१६६ मतं पडली. १९८२ पासून महापौर असलेल्या शार्लट टाउनसेंड यांना ७९९ मिळाली. आणखी दोघे रिंगणात होते, त्यांना मिळून ३७. गावात नोंदलेले मतदार चार हजारांच्या आसपास आणि मतदानाला आले तीन हजार, म्हणजे आधीच्या निवडणुकीच्या जवळपास दुप्पट.

गावाबाहेरच्या जगाने ‘हॉलिवूडचा नट महापौर झाला’ एवढं म्हणून विषय संपवला. तेव्हा राष्ट्राध्यक्ष असलेले रोनाल्ड रेगन तर गमतीने म्हणाले होते की, माकडाबरोबर सिनेमात काम केलेल्या मध्यमवयीन नटाला राजकारणात भवितव्य आहे असं वाटतंच कसं? रेगन स्वतः नट, स्वतः चिंपांझीबरोबर पडद्यावर आलेले, त्यामुळे विनोद फक्कड जमला.

पण आकड्यांकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट खटकते. ईस्टवुड गावातल्या एका रेस्टॉरंटचे भागीदार होते. दुकानदारांना मोकळीक हवी, या बाजूचे उमेदवार म्हणूनच त्यांच्याकडे पाहिलं जात होतं. आणि कार्मेलमधल्या दुकानदारांपैकी बरेचसे गावात राहतच नव्हते, म्हणजे त्यांना मत नव्हतं. मत होतं ते रहिवाशांना. हे रहिवासी म्हणजे साठेक वर्षं धंद्याला दाबून ठेवणाऱ्यांनाच निवडून देत आलेली मंडळी. त्यांनी शंभरातली बहात्तर मतं या माणसाच्या पदरात का टाकली? प्रसिद्धी हे उत्तर सोपं आहे आणि थोडंफार खरंही आहे. मला ते अपुरं वाटतं.

नियमांचं गाव

कार्मेल जेमतेम एक चौरस मैलाचं. १९८० च्या जनगणनेत वस्ती पाच हजारांच्या आत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे लेखक, चित्रकार, नाटकवाले येऊन राहिले. १९०६ च्या भूकंपात सॅन फ्रान्सिस्को उद्ध्वस्त झाल्यावर तिथली आणखी कलावंत मंडळी आली. १९१६ मध्ये गावाला स्वतंत्र नगराचा दर्जा मिळाला आणि तेव्हापासून एकच भांडण सुरू आहे: गाव वाढू द्यायचं की नाही?

१९२० च्या दशकात पेरी न्यूबेरी नावाच्या लेखक-संपादकाने निवडणूक लढवली ती ‘मला मत देऊ नका’ अशा धर्तीच्या प्रचारावर. गावाचं शहर व्हावं, व्यापार वाढावा असं वाटत असेल तर न्यूबेरीला मत देऊ नका, असा त्याचा मथितार्थ. गडी निवडून आला. १९२९ मध्ये गावाने एक ठराव कायद्याच्या भाषेत करून ठेवला, की कार्मेल हे प्रामुख्याने राहण्याचं गाव आहे आणि इथला व्यापार-उदीम पूर्वी, आता आणि यापुढेही या निवासी स्वरूपापेक्षा दुय्यमच राहील. नगरपालिकेच्या कागदावर इतकं स्पष्ट, जवळजवळ ठणकावून लिहिलेलं वाक्य क्वचितच सापडतं.

या एका वाक्यातून बाकीचे नियम फुटत गेले. निवासी भागात पथदिवे नाहीत, पदपथ नाहीत. झाड तोडायचं तर परवानगी, आणि ती सहजी मिळत नाही. काही ठिकाणी रस्ता झाडाला वळसा घालून जातो. घरांना क्रमांक नव्हते. पत्ता सांगायचा तो ‘अमुक रस्त्याची पूर्व बाजू, आठव्या गल्लीच्या दक्षिणेकडून तिसरं घर’ असा. घरोघरी टपाल न वाटता गावकऱ्यांनी टपाल कचेरीत जाऊन आपापली पत्रं घ्यायची, ही जुनी वहिवाट. साहजिकच टपाल कचेरी हा गावाचा पार झाला. कोणाचा बांधकामाचा अर्ज फेटाळला, कोणाच्या कुंपणाची उंची भरली नाही, ही सगळी बातमीपत्रं तिथे तोंडी वाटली जायची.

सगळ्यात गाजलेला नियम १९६३ चा. दोन इंचांहून उंच आणि बुडाशी एक चौरस इंचाहूनही अरुंद टाच असलेले बूट घालायचे तर नगरपालिकेचा परवाना लागतो. वेडेपणा वाटतो खरा, पण कारण वकिली होतं: झाडांच्या मुळांनी पायवाटा उचकटलेल्या, त्यावर कोणी घसरून पडलं की गावावर दावा. परवाना फुकट मिळतो आणि त्यासाठी कोणाला दंड करत नाहीत. प्रवासी आता तो आठवण म्हणून घेऊन जातात.

लोकांना जाचत होते ते वेगळे नियम, खिडकीचं माप, छपराचा उतार, मागच्या अंगणातली खोली असे. या गोष्टी गावाच्या नियोजन आयोगापुढे जात, तिथून अपिलात नगर परिषदेकडे. समुद्रकिनाऱ्याजवळ बांधायचं असेल तर १९७६ च्या किनारा कायद्याप्रमाणे राज्याच्या किनारा आयोगाचाही संबंध येई. त्यात पाण्याची टंचाई. कार्मेल ज्यावर वसलंय त्या मॉन्टेरी द्वीपकल्पाला पाणी तेव्हा मुख्यतः कार्मेल नदीच्या खोऱ्यातून यायचं, १९७६-७७ च्या दुष्काळात सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, आणि १९७८ पासून पाण्याचं नियोजन करायला वेगळं मंडळ आलं. नळाची नवी जोडणी मागणाऱ्याला आणखी एका कचेरीचे खेटे.

पैसा कुठून येतो

हे लक्षात घेतल्याशिवाय कार्मेलचं भांडण कळत नाही. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘प्रपोझिशन १३’ मंजूर केलं. मालमत्ता कर किमतीच्या एक टक्क्यावर बांधला गेला, आणि घर विकलं जात नाही तोवर करासाठीची किंमत वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवता येईना. जुन्या रहिवाशांची चांदी झाली. गावोगावच्या तिजोऱ्या मात्र विक्रीकर आणि हॉटेलकर यांच्याकडे डोळे लावून बसल्या. हे दोन्ही कर पर्यटक देतो.

म्हणजे ज्या पाहुण्याने फार येऊ नये असं गावाला वाटतं, त्याच्याच पैशावर गावाचे पोलीस आणि वाचनालय चालतं. आणि ज्याच्या गल्ल्यातून तो पैसा गोळा होतो त्या दुकानदाराला गावात मत नाही. टाउनसेंड यांच्या बाजूच्या लोकांचं म्हणणं चुकीचं होतं असं मला वाटत नाही. एक चौरस मैलाच्या गावात सुट्टीच्या दिवशी पर्यटकांच्या गाड्यांची रीघ लागली तर रहिवाशाला स्वतःच्या दारात गाडी लावता येत नाही. टी-शर्टची दुकानं वाढत गेली तर किराणा आणि चपला दुरुस्त करणारा हळूहळू हद्दपार होतो. ही भीती हवेतली नव्हती, किनाऱ्यावरच्या कित्येक गावांत ते घडलेलं होतं.

चूक झाली ती नकार देण्याच्या पद्धतीत, आणि ती आइस्क्रीमच्या निमित्ताने चव्हाट्यावर आली. रस्त्यात कचरा नको म्हणून हातात घेऊन खाण्याच्या पदार्थांच्या विक्रीवर गावाने बंधनं घातली. कोनातलं आइस्क्रीम त्यात सापडलं. झालं, ‘आइस्क्रीमवर बंदी घालणारं गाव’ म्हणून देशभर हसू झालं. कचऱ्याचा मुद्दा रास्त असेलही. पण ज्या नियमाचं समर्थन करताना समोरच्याला हसू आवरत नाही, तो नियम राजकारणात आपल्याच पायावर पडलेला धोंडा असतो.

इमारतीचा अर्ज

ईस्टवुड आणि कार्मेल यांचं नातं निवडणुकीच्या बरंच आधीचं. कोरियन युद्धाच्या काळात ते जवळच्याच फोर्ट ऑर्ड या लष्करी तळावर होते, तेव्हा हा परिसर त्यांच्या मनात भरला. दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट, १९७१ चा, त्यांनी इथेच चित्रित केला. १९७२ मध्ये ‘हॉग्ज ब्रेथ इन’ हे रेस्टॉरंट सुरू झालं, त्यात ते भागीदार. उपरा म्हणून त्यांना हिणवणं विरोधकांना जड गेलं ते यामुळे.

घोडं अडलं ते या रेस्टॉरंटशेजारच्या जागेवर. तिथे दुकानं-कचेऱ्यांची छोटी इमारत बांधायचा त्यांचा बेत नगर परिषदेने फेटाळला. ते कोर्टात गेले. शेवटी तडजोड झाली आणि आराखड्यात बदल करून इमारतीला परवानगी मिळाली.

इथे बहुतेक लोक थांबले असते. आपलं काम झालं, आता कशाला लष्कराच्या भाकरी? ईस्टवुड यांनी मात्र ३० जानेवारी १९८६ रोजी, मुदत संपायला काही तास उरलेले असताना उमेदवारी दाखल केली. काम होऊन गेल्यावर अर्ज भरणं हा या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा योगायोग किंवा हिशोब असावा. अडलेली फाईल काखेत मारून ते उभे राहिले असते तर ‘स्वतःच्या इमारतीसाठी खुर्ची हवी’ हा आरोप चिकटून बसला असता. परवानगी हातात आल्यावर तोच अनुभव गावाचा झाला. माझ्यासारख्याला वकील लावून भांडावं लागलं, तर मागच्या अंगणात खोली वाढवणाऱ्या विधवा आजीचं काय होत असेल? हे त्यांना बोलूनही दाखवावं लागलं नसेल. रांगेत उभं राहिलेल्या प्रत्येकाला ते आपसूक कळलं.

रहिवाशांची मतं इथून आली, असं माझं वाचन आहे. कार्मेलमधला प्रत्येक घरमालक कधी ना कधी अर्जदार असतो. गाव आहे तसं राहावं असं त्याला मनापासून वाटतं, आणि त्याच गावाच्या खिडकीशी आपल्याला चोर असल्यासारखं उभं केलं गेलं, याचा रागही असतो. टाउनसेंड यांच्या गटाने पहिली भावना मतपेटीत मोजली, दुसरी मोजलीच नाही.

प्रचार

एवढ्या गाजलेल्या नटाचा प्रचार प्रत्यक्षात कमालीचा घरगुती होता. निवडणुका लढवून देणाऱ्या व्यावसायिक सल्लागाराची मदत त्यांनी घेतली आणि मतदारांचा कौल आजमावला. इतक्या छोट्या गावात हा प्रकार अनेकांना अतिरेकी वाटला असणार. पण त्यातून निघालेला कार्यक्रम साधा होता: लोकांच्या घरी चहाला जायचं. दहा-पंधरा शेजारी जमायचे, उमेदवार सोफ्यावर बसून पार्किंग, जिना, झाडं यांवरचे प्रश्न ऐकायचा. घराला क्रमांक नसलेल्या गावात दारोदार फिरण्यापेक्षा हे सोयीचं, आणि अशा माणसासाठी आणखी एका अर्थाने कामाचं. पडद्यावर पिस्तूल रोखणारा माणूस आपल्या दिवाणखान्यात बशी सांभाळत सांडपाण्याविषयी विचारतोय, हे एकदा पाहिलं की नटाचं भूत उतरतं आणि शेजारी उरतो.

राष्ट्रीय माध्यमांना त्यांनी प्रचारात शक्यतो हाताच्या अंतरावर ठेवलं. परदेशातून आलेले वार्ताहर रस्त्यावर गर्दी करत होते, पण त्यांच्यातल्या कोणालाच कार्मेलमध्ये मत नव्हतं. हा हिशोब साधा असला तरी प्रसिद्ध माणसाला तो पाळणं कठीण जातं. चित्रपटातल्या संवादांवर बेतलेली घोषवाक्यं गाड्यांवर आणि शर्टांवर झळकली, ती बहुतेक चाहत्यांच्या आणि दुकानदारांच्या हौसेतून. उमेदवाराचा स्वतःचा सूर होता तो गावातली फूट मिटवण्याचा, आणि प्रत्येक गोष्टीला आधी नाही म्हणण्याची सवय सोडण्याचा. ‘वाढ हवी’ असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर १९२९ च्या ठरावावर पोसलेल्या गावाने त्यांना घरी बसवलं असतं.

टाउनसेंड यांची अडचण समजून घ्यायला हवी. एकसष्ट वर्षांच्या, ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालेल्या, आणि कारभारात कुठलाही डाग नसलेल्या. इतर कुठल्याही वर्षी त्यांच्यासमोर एखादा दुकानदार उभा राहिला असता तर त्या आरामात जिंकल्या असत्या. त्यांचा मुख्य मुद्दा होता की ईस्टवुड आले तर धंदेवाल्यांना रान मोकळं मिळेल. पण परवानगीच्या रांगेतला राग हा मुद्दा ओलांडून पुढे गेला होता, आणि त्याला उत्तर द्यायचं म्हणजे आपल्याच परिषदेच्या निर्णयांवर बोट ठेवणं आलं. सत्तेत असलेल्याला ते जमत नाही. रिंगणातल्या तिसऱ्या उमेदवाराचं टी-शर्टचं दुकान होतं. त्याला सहा मतं मिळाली. या सहा मतांकडे दुर्लक्ष होतं, पण माझ्या मते तीही साक्ष देतात: निव्वळ व्यापाराच्या बाजूला या गावात उभं राहायला जागा नव्हती.

एकावर दोन जागा

कार्मेलच्या परिषदेत पाच जण असतात, महापौर आणि चार सदस्य. महापौर दोन वर्षांसाठी थेट निवडला जातो. सदस्यांची मुदत चार वर्षांची, पण दर दोन वर्षांनी दोनच जागांची निवडणूक होते. म्हणजे एका निवडणुकीत महापौर आणि दोन सदस्य, मिळून तीन जागा पालटता येतात. पाचात तीन म्हणजे बहुमत.

एकटे ईस्टवुड जिंकले असते आणि जुने चारही सदस्य समोर असते, तर दोन वर्षं त्यांनी प्रत्येक ठरावावर हरत काढली असती आणि जगभरच्या वर्तमानपत्रांना तो मजकूर आणखी चवदार लागला असता. पण त्या दिवशी दोन्ही सदस्यपदांवरही बदलाच्या बाजूचे उमेदवार आले. ते दोघे सिनेमातले नव्हते. प्रसिद्धीमुळे मतदार केंद्रापर्यंत आले असं मानलं तरी, मतपत्रिकेवर खाली उतरून त्या दोन नावांसमोर खूण करायला नटाचं कौतुक पुरत नाही. निव्वळ प्रसिद्धीच्या स्पष्टीकरणावर माझा विश्वास बसत नाही त्याचं मुख्य कारण हे.

पदाची ताकद बेताचीच. रोजचा कारभार नेमलेला प्रशासक बघतो. महापौराचं मत पाचांतलं एक, नकाराधिकार नाही. मानधन महिन्याला दोनशे डॉलर. ईस्टवुड यांनी ते गावातल्या युवक केंद्राला दिलं. कॅलिफोर्नियाच्या १९५३ च्या ब्राउन कायद्यामुळे परिषदेच्या बहुमताला खासगीत बसून कामकाज ठरवता येत नाही. पाचांच्या परिषदेत बहुमत तिघांचं, म्हणून महापौराने दोन सहकाऱ्यांना जेवायला बोलावून ठराव शिजवला तर तो कायद्याचा भंग. शिवाय १९७४ च्या राजकीय सुधारणा कायद्याने स्वतःचा आर्थिक संबंध असेल तिथे मतदानातून बाजूला व्हावं लागतं. सेटवर एका हाकेसरशी शंभर माणसं हलवणाऱ्या दिग्दर्शकाने या खुर्चीत किती दात-ओठ खाल्ले असतील याची कल्पना करता येते.

दोन वर्षं

एप्रिलच्या मध्यात शपथविधी झाला. परिषदेच्या बैठकांना इतकी गर्दी होऊ लागली की नेहमीचं सभागृह पुरेना. आइस्क्रीमची भानगड लवकर निकालात काढली गेली. ते काम सोपं आणि लोकप्रिय, सुरुवातीला करायलाच हवं असं.

खरी हालचाल नियोजन आयोगात झाली. त्यातल्या काही जुन्या सदस्यांना दूर करून नवी माणसं नेमली गेली. यावर टीका झाली, आणि ती समजण्यासारखी आहे: वर्षानुवर्षं मोफत काम करणाऱ्या गावकऱ्यांना असं हटवणं रुचणारं नव्हतं. तरीही मला हा निर्णय सगळ्यात नेमका वाटतो. मतदारांची तक्रार नियमाच्या शब्दांविषयी कमी आणि तो लावणाऱ्यांच्या वागण्याविषयी जास्त होती. १९२९ चा ठराव जागच्या जागी ठेवून खिडकीमागची माणसं बदलणं, हाच त्या मतांचा सरळ अर्थ होता.

बाकीची कामं बातमीत न मावणारी. किनाऱ्यावर उतरायच्या वाटा आणि जिने, सार्वजनिक स्वच्छतागृहं, पाहुण्यांच्या गाड्यांसाठी वाहनतळ, वाचनालयाची वाढीव जागा. मुलांसाठीची वेगळी शाखा १९८९ मध्ये, त्यांची मुदत संपल्यावर, उघडली. एका निवृत्त ग्रंथपालाला हरवलेल्या महापौराच्या नावावर वाचनालयाचं काम जमा व्हावं, हा नशिबाचा खेळ म्हणायचा. स्वच्छतागृहांना हसू नये. पर्यटक येणार हे मान्य केलं तरच ती बांधता येतात. पर्यटक येऊच नयेत अशी भूमिका असलेल्या परिषदेला प्रत्येक स्वच्छतागृह हे आमंत्रण वाटत राहतं, आणि तोवर लोक यायचे ते येतच असतात.

एका बाबतीत टाउनसेंड बरोबर ठरल्या. पर्यटक वाढले. पण परवान्यांची खैरात झाली म्हणून नव्हे. खुद्द महापौराला पाहायला ते येत होते. महापौर बाहेर पडेल या आशेने रेस्टॉरंटच्या दारात लोक ताटकळायचे, त्याच्या नावाचे शर्ट दुकानांतून विकत घ्यायचे. गावाच्या शांततेला लागलेला हा धक्का कुठल्याही नियोजन आयोगाच्या अखत्यारीत येत नव्हता. ईस्टवुड यांना मत देणाऱ्या कित्येकांना हा भाव मोजावा लागेल असं वाटलं नसावं.

मिशन रँच

गावाच्या दक्षिण कडेला, १७७१ पासून त्या जागी असलेल्या कार्मेल मिशन चर्चच्या शेजारी, बावीस एकरांची एक जुनी जागा आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे दुभत्या जनावरांचा गोठा होता, नंतर लाकडी बैठ्या घरांत पाहुणे उतरू लागले. समोर गवताळ कुरण, त्यापलीकडे पाणथळ आणि समुद्र. १९८० च्या दशकात ती विकसकांच्या हाती गेली आणि तिथे सदनिका उभ्या राहणार असं ठरत होतं. गाव अस्वस्थ. नगरपालिकेने ती विकत घ्यायचा प्रयत्न केला, पण गावाला झेपणारी रक्कम आणि मालकांची अपेक्षा यांत अंतर राहिलं.

१९८६ च्या अखेरीस ईस्टवुड यांनी ती स्वतःच्या पैशाने घेतली, सुमारे पन्नास लाख डॉलरना. सदनिकांचा बेत बारगळला. जुन्या इमारती दुरुस्त झाल्या, कुरण तसंच राहिलं.

या व्यवहाराने प्रकरणाला विचित्र कलाटणी मिळते. ज्या माणसाच्या येण्याने गाव बिल्डरांच्या घशात जाईल अशी भीती होती, त्यानेच बिल्डरांच्या तोंडचा घास काढून घेतला. पण हे त्याने महापौर म्हणून केलं का? परिषदेत ठराव करून नाही, नियम वापरूनही नाही. हे केलं त्याच्या बँकेच्या खात्याने. लोकांनी कौतुक केलं, मीही करतो, पण कारभाराचा नमुना म्हणून ते कोणाच्या उपयोगाचं नाही. पुढच्या महापौराकडे पन्नास लाख डॉलर असणार नव्हते. अशा जमिनीसाठी गावाने आधीपासून निधी राखून ठेवायचा की राज्याच्या संवर्धन संस्थांना मध्ये घ्यायचं, हे प्रश्न त्या धनादेशाने पुढे ढकलले.

शिवाय गावाच्या कडेची एवढी मोठी मोकळी जागा एका धनवान माणसाच्या मर्जीवर सुरक्षित राहिली. मर्जी चांगली होती, हे गावाचं नशीब.

१९८८

दोन वर्षांनी ईस्टवुड पुन्हा उभे राहिले नाहीत. मुलांसाठी वेळ द्यायचा आहे, असं कारण त्यांनी दिलं. चित्रपटांचं काम तर होतंच. खरं तर पहिल्या मुदतीत करायचं ठरवलेलं बरंचसं मार्गी लागलं होतं. जे उरलं होतं, म्हणजे पाणी, पार्किंग आणि गर्दी, ते चहाच्या बैठकांनी सुटणारं नव्हतं. पाण्याचा निर्णय सगळ्या द्वीपकल्पाच्या मंडळाकडे आणि किनाऱ्याचा राज्याकडे. एका चौरस मैलाचा महापौर तिथे अर्जदारच असतो, नट असो वा ग्रंथपाल.

त्यांच्यानंतर जीन ग्रेस निवडून आल्या. वार्ताहरांच्या गाड्या तोवर निघून गेल्या होत्या. परिषदेचं कामकाज पुन्हा झाडं, कुंपणं आणि छपरांच्या उतारांवर आलं, आणि १९२९ चं ते वाक्य गावाच्या नियमावलीत होतं तसंच राहिलं. दोन वर्षांत त्यातला एक शब्दही बदलावा असा ठराव ईस्टवुड यांनी आणला नव्हता.